फळ्याशेजारचा पडदा

शाळा म्हटली की काळा फळा, खडूची पूड आणि भिंतीवर लटकणारा भारताचा नकाशा, हे चित्र आपल्या पिढीच्या मनात पक्के बसलेले आहे. आता त्या नकाशाशेजारी पडदा आला. शहरातल्या मोठ्या शाळांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावी आणि कित्येक खेड्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतही तो आला. बाईंनी संगणकाला तार जोडली, यूट्यूबवर दोन शब्द लिहिले, की ज्वालामुखी धगधगू लागतो, हृदयाचे कप्पे उघडझाप करू लागतात, सुरवंटाचे फुलपाखरू होऊ लागते. बरे, तास संपला म्हणून शाळा संपते असेही नाही. संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ येतो, त्याच्या मागोमाग एखादी चित्रफीत येते, आणि आई स्वयंपाकघरातून हाक मारते, "अरे, तुझ्या बाईंनी काय पाठवलंय ते बघितलंस का?"

यावरून घरोघर दोन पक्ष पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो, "आमच्या वेळी असले काही असते, तर आम्हीही शास्त्रज्ञ झालो असतो." दुसरा म्हणतो, "आमच्या वेळी असले काही नव्हते, म्हणून तर आम्हाला पाढे येतात." जेवणाच्या टेबलावर हा वाद रंगतो खरा, परंतु ज्याच्याविषयी तो चाललेला असतो, ते मूल तोवर जेवण आटोपून मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेलेले असते!

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. शाळेतून निघालेली मुले दरवर्षी आमच्यापुढे येऊन बसतात. त्यांनी शाळेत काय काय पाहिले, याची यादी त्यांना पाठ असते. पाहिलेल्यातले हाताशी काय उरले, हे मात्र चार प्रश्न विचारल्यावरच कळते. म्हणून या वादात मला दोन्ही पक्ष थोडे घाईचे वाटतात. पडदा असावा की नसावा, हा प्रश्न आता मागे पडला. पडद्यावरचे चित्र चालू असताना ते थांबवून मुलाला "बोल, तुला काय वाटतं?" असे विचारणारे कोणी शेजारी आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

जुनी आशा, नवे यंत्र

चित्रे दाखवून शिकवावे, ही कल्पना काही कालपरवाची नव्हे. चलच्चित्रांच्या क्षेत्रात मोठी कामगिरी करणारे अमेरिकन संशोधक थॉमस एडिसन यांनी १९१३ साली असे भाकीत केले होते की, शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील, मुले डोळ्यांनी शिकतील आणि दहा वर्षांत शाळेचे रूप पार पालटून जाईल. त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. मुलांच्या दप्तराकडे पाहिले, म्हणजे त्या भाकिताचे काय झाले ते सांगावयास नको.

आपल्या देशातही ही आशा पुनःपुन्हा पालवली. दिल्लीत १९५९ साली दूरचित्रवाणी सुरू झाली आणि १९६१ पासून तेथील शाळांसाठी तिच्यावर पाठ दाखवले जाऊ लागले. पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर एका अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोचवण्याचा प्रसिद्ध 'साइट' प्रयोग झाला; त्यात शाळकरी मुलांसाठी खास कार्यक्रम होते. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' निघाली. आज चाळिशीत असलेल्या कित्येकांना तिचे नाव ऐकताच शाळेची सुट्टी आठवेल. २०१७ साली ती बंद झाली. दरम्यान २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून 'एज्युसॅट' हा उपग्रह आकाशात गेला, आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले.

या साऱ्या उद्योगांत कळकळ होती, पैसा होता, हुशार माणसे होती. मग शाळेचे रूप का पालटले नाही? कारणे पुष्कळ सांगता येतील. परंतु जुन्या दूरचित्रवाणीचा एक दोष मुळातला होता. कार्यक्रमाची वेळ दूरच्या कोणी तरी ठरवलेली असे. त्या वेळी वर्गात गणिताचा तास असला किंवा नेमकी वीज गेली, तर कार्यक्रम गेला. आणि सारे जमून आले, तरी तो मध्येच थांबवण्याची सोय नव्हती. एखाद्या मुलाच्या मनात प्रश्न आला, तर त्याने तो गिळावा किंवा पुढचे पाहणे सोडावे. गुरुजी उरत ते केवळ खटका दाबण्यापुरते.

नव्या साधनांत फरक पडला तो इथे. आजची चित्रफीत हवी तेव्हा लावता येते, हवी तिथे थांबवता येते, मागे नेऊन पुन्हा दाखवता येते. दुसरे असे, की ती कोणालाही करता येते. यूट्यूबवर चढलेली पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ ची. प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहिलेला एक तरुण त्यांच्या सोंडेविषयी काही तरी बोलतो, एवढीच ती आहे, आणि अवघ्या १९ सेकंदांची आहे. एवढे तर चौथीतले पोरही करील! तिसरे म्हणजे, हिला उलट उत्तर पाठवता येते. थांबवणे, स्वतः करणे आणि उत्तर देणे या तीन सोयींचा उपयोग जिथे होतो, तिथे पडदा शिकवतो. जिथे होत नाही, तिथे तो १९७५ सालचाच राहतो. फक्त रंग अधिक चांगले दिसतात.

काळ्या दगडाचा तास

गेल्या वर्षी एका परिचित बाईंच्या भूगोलाच्या तासाला मागच्या बाकावर बसण्याचा योग आला. विषय ज्वालामुखीचा. बाईंनी हवाई बेटांवरच्या लाव्हारसाची चित्रफीत लावली. तांबडालाल रस डोंगरउतारावरून वाहत होता, वाटेतली झाडे पेटत होती. वर्ग चित्रासारखा स्तब्ध. दीड मिनिट झाले असेल-नसेल, तोच बाईंनी चित्र थांबवले. मुलांनी "बाई, लावा ना, लावा ना!" असा एकच गिल्ला केला.

"लावते. आधी सांगा, हा रस थंड झाला की त्याचं काय होईल?"

"दगड!" निम्मा वर्ग ओरडला.

बाईंनी पिशवीतून एक ओबडधोबड काळा दगड काढून टेबलावर ठेवला. "हा कुठला असेल, ओळखा पाहू."

"बाई, आपल्या शाळेमागच्या टेकडीवरचा." एका मुलाने दगड हातात घेऊन जोखला. मग जरा थांबून तो म्हणाला, "पण बाई, आपल्याकडे तर ज्वालामुखी एकही नाही!"

बाई याच वाक्याची वाट पाहत होत्या. पुढची पंधरा मिनिटे पडदा बंद होता आणि वर्ग चालू होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हा बाहेर आला. एक थर निवला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असे थरांवर थर साचले. काही ठिकाणी त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर गेली. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या दगडाने झाकलेला आहे. शिवरायांचे सह्याद्रीतले किल्ले या दगडावर उभे आहेत, आणि अजिंठा-वेरूळची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. आपले डोंगर लांबून जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात ते या थरांमुळेच. शेवटी मुले खिडकीशी गर्दी करून समोरच्या टेकडीच्या पायऱ्या मोजू लागली. कोणी चार म्हणाले, कोणी पाच. मग बाईंनी उरलेली अडीच मिनिटांची चित्रफीत लावली. आता मुले नुसते आगीचे लोळ पाहत नव्हती. आपली टेकडी कशी झाली, ते पाहत होती.

अशीच एक चित्रफीत दुसऱ्या एका शाळेतही मी चाललेली पाहिली. तिथे ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालली. ती संपताच यंत्राने आपणहून दुसरी लावली, मग तिसरी. तिसऱ्या चित्रफितीत ज्वालामुखी कुठल्या कुठे गेला होता आणि शार्क मासे आले होते. वर्ग शांत होता आणि शिक्षक खाली मान घालून हजेरीपट भरत होते. त्यांना दोष देण्याचे माझ्या मनात नाही; कागदपत्रांचा जो डोंगर आपण शिक्षकांच्या डोक्यावर ठेवला आहे, त्याच्याखाली मान वर होणे कठीण. परंतु दोन्ही शाळांच्या अहवालात 'डिजिटल साधनाने पाठ घेतला' हे वाक्य सारखेच पडणार, आणि पालकसभेत टाळ्याही सारख्याच पडणार. घोटाळा होतो तो इथे.

पाहिले म्हणजे कळले काय?

चित्र पाहिल्यावर मुलाला विचारावे, "कळले का?" मूल प्रामाणिकपणे "हो" म्हणते. पाहताना सारे सोपे वाटते. आणि सोपे वाटणे म्हणजे येणे नव्हे, हे मुलाला ठाऊक नसते. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. परंतु एका आठवड्याने घेतली, तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्या आजोबांनी "पुस्तक मिटून सांग पाहू" म्हटले, त्यात केवढे शहाणपण होते!

चित्रफितीलाही हाच नियम लागू करावयास हवा. किती लांबीची चित्रफीत दाखवावी, यालाही काही आधार आहे. इंटरनेटवरून चालणाऱ्या काही विद्यापीठीय अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांनी चित्रफिती उघडल्याच्या ६९ लाख प्रसंगांची छाननी करून २०१४ साली एक निष्कर्ष निघाला. चित्रफीत कितीही लांब असो, पाहणारा साधारणपणे सहा मिनिटांहून अधिक काळ तिच्यात टिकत नाही. हे विद्यार्थी बहुतेक मोठे आणि आपखुशीने शिकावयास आलेले होते. मग पाचवीतल्या मुलाकडून चाळीस मिनिटांची अपेक्षा आपण कोणत्या हिशेबाने करतो?

ज्यांच्या नावाने या चित्रपाठांचा एवढा गाजावाजा झाला, त्यांची मूळ कथाही पाहण्यासारखी आहे. सलमान खान (हे नट नव्हेत, अमेरिकेतील शिक्षक!) यांनी २००४ साली दूरच्या गावी असलेल्या आपल्या मामेबहिणीला फोनवरून गणित शिकवावयास प्रारंभ केला. पुढे शिकणारी भावंडे वाढली, म्हणून २००६ साली त्यांनी आपले पाठ यूट्यूबवर ठेवले आणि त्यातून 'खान अकॅडमी' उभी राहिली. म्हणजे मुळाशी होते ते एका भावाने एका बहिणीच्या अडचणी ऐकून घेणे. २००७ साली कोलोरॅडो राज्यातील एका शाळेत जोनाथन बर्गमन व आरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक आपली व्याख्याने चित्रित करू लागले. मुलांनी व्याख्यान घरी पाहावे आणि शाळेत येऊन उदाहरणे सोडवावीत, अशी त्यांची उलटी रीत. तिचा हेतू शिक्षकाला रजा देण्याचा मुळीच नव्हता. फळ्यापुढे उभे राहण्याचा त्याचा वेळ वाचावा आणि त्या वेळात त्याला प्रत्येक बाकाशी जाता यावे, हा होता. ज्यांच्या घरी संगणक नव्हता, त्या मुलांना त्यांनी तबकड्या भरून दिल्या.

ही शेवटची गोष्ट आपण विसरता कामा नये. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि साऱ्या देशाची शाळा एकाएकी मोबाइलवर आली. 'असर' या पाहणीनुसार ग्रामीण भारतात ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशा शाळकरी मुलांचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते. ते २०२० साली ६१.८ टक्के झाले. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले असतील, यात शंका नाही. पण याचा अर्थ असाही होतो की, त्या वर्षी शंभरातल्या अडतीस मुलांच्या घरी तो नव्हताच. आणि ज्या घरी होता, त्या घरी तो बहुधा एक, मुले दोन किंवा तीन, आणि फोन घेऊन वडील सकाळीच कामावर गेलेले! म्हणून 'घरी पाहून या' हा गृहपाठ देण्यापूर्वी शिक्षकाने वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे पाहावे. पाहावयाचे ते शक्यतो वर्गातच पाहावे. घरी न्यावयाचा तो प्रश्न.

आजीचा आवाज

इथवर मुले पाहणारी झाली. ती करणारी झाली म्हणजे काय होते, ते आता सांगते.

पुण्याच्या आयुका संस्थेत अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे मुलांसाठी विज्ञानाची खेळणी केली. आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या, जुनी वर्तमानपत्रे असे त्यांचे सामान. या खेळण्यांच्या छोट्या छोट्या चित्रफिती अनेक भाषांत उपलब्ध आहेत. त्यांतली एखादी पाहिल्यावर मूल पुढची चित्रफीत शोधत नाही. ते कात्री शोधू लागते! सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोडचे चौकोनी ठसे चिकटवले. मोबाइल धरला की कविता ऐकू यावी, गोष्ट सांगितली जावी, स्वाध्याय समोर यावा. पुढे असे ठसे छापील पुस्तकांतच आले. डिसले यांना २०२० च्या डिसेंबरमध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली, हे वाचकांना आठवत असेलच.

माझ्या विषयापुरते सांगावयाचे, तर मराठीच्या शिक्षकाला या साधनांनी जे दिले, त्याला तोड नाही. पाठ्यपुस्तकात जात्यावरची ओवी छापलेली असते. कागदावर ती गप्प बसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांत हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या आवाजासह व चित्रासह येऊ लागल्या. मी वर्गात एक लावली. जात्याची घरघर, एकीने ओळ म्हणावी आणि दुसरीने ती उचलावी, मध्येच धाप लागावी. मी ध्वनिमुद्रण थांबवून विचारले, "ओळ दोनदा का म्हटली असेल?" छंदशास्त्राचे उत्तर आले, अलंकाराचे आले. शेवटी मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पुढची ओळ सुचायला वेळ मिळावा म्हणून." पुस्तकाच्या कोणत्याही टीपेत नसलेले हे उत्तर वर्गाला पटले.

मग मी मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडे पाठवले. पाचपाच जणांचे गट, एका गटात फोन एक. कोणी ओव्या आणल्या, कोणी पाळणे, कोणी नाशिकच्या बाजूचे, तर कोणी मालवणकडचे शब्द. ज्या मुलाला वर्गात आपल्या बोलीची लाज वाटे, त्याच्या आजीचे बोलणे ऐकावयास सारा वर्ग कान टवकारून बसला. एका आजीने मात्र साफ सांगितले, "तुला म्हणून दाखवते, पण माझा आवाज गावभर कशाला?" नात हिरमुसली. तिने फोन बंद केला, ओवी वहीत उतरून आणली, आणि आजी काय म्हणाली तेही वर्गात सांगितले. त्या दिवशी ओवीपेक्षा या वाक्यावर अधिक चर्चा झाली. आमची ध्वनिमुद्रणे विभागाच्या संगणकावरच राहिली. कोठेही चढवली नाहीत.

ग्रुपचे दार

त्या आजीला जे कळले, ते आपल्या कित्येक शाळांना आणि पालकांनाही अजून कळलेले नाही. स्नेहसंमेलनातला नाच, पोहण्याची स्पर्धा, रडत रडत म्हटलेली कविता, सारे शाळेच्या पानावर चढते. नाव आणि इयत्ता यांसह. मुलाला कोणी विचारले होते काय? २०२३ साली संसदेने केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूलच मानली आहे, आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची खात्रीलायक संमती हवी असे म्हटले आहे. कायदा आपल्या जागी. पण चिरंजीवांचा फोटो त्यांना विचारून लावावा, एवढी रीत तर घरातही पाळता येईल.

दुसरी गोष्ट खात्याची. व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम यांची स्वतःची अट आहे की, खाते उघडणाऱ्याचे वय किमान १३ हवे. मग सहावीतल्या मुलांचा ग्रुप काढून त्यावर गृहपाठ पाठवणारी शाळा मुलांना काय शिकवते? नियम लिहिण्यापुरता असतो, हे! ग्रुप असावा तो पालकांचा, आणि त्यालाही वेळेचे बंधन असावे. रात्री दहाला सूचना, साडेदहाला "धन्यवाद मॅडम" असे चाळीस संदेश, अकराला कोणी तरी पाठवलेले गुलाबाचे फूल, यात शिक्षण किती आणि शिक्षा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. बाईंनाही घर असते, हेही ध्यानात असू द्यावे.

'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या मुलांना स्मार्टफोनच्या वापराविषयी विचारले होते. आदल्या आठवड्यात शिक्षणासाठी तो वापरणारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के निघाले. अभ्यासाच्या नावाने हाती दिलेला फोन कोणत्या वाटेने जातो, ते यावरून दिसते. यात मुलांचाच दोष आहे असे नाही. एक संपताच दुसरे आपणहून लावणारे हे यंत्र मुद्दाम तसे घडवले आहे. आपण जितका वेळ पाहू, तितकी त्याच्या धन्याची मिळकत. ऑस्ट्रेलियाने कायदा करून १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. यूट्यूबही त्यात आले. परंतु शिक्षकाने वर्गात चित्रफीत दाखवण्यास तेथे आडकाठी नाही. हा भेद मला मोलाचा वाटतो. शिक्षकाच्या हातातला पडदा वेगळा आणि मुलाच्या हातातले खाते वेगळे. पहिल्याचे गुण सांगून दुसऱ्याची तरफदारी करणे बरोबर नाही, आणि दुसऱ्याच्या भीतीने पहिल्याचे दार लावून घेणेही बरोबर नाही.

पालकसभेत विचारावे असे काही

दिवाळीनंतर शाळा उघडतील, पालकसभा भरतील, आणि नवे पडदे, नव्या पट्ट्या, नवी ॲप्स यांची माहिती दिली जाईल. त्या वेळी किंमत आणि कंपनी यांच्या चौकशीबरोबर आणखी चार प्रश्न विचारावेत. चित्रफीत किती मिनिटांची असते, आणि ती मध्ये थांबवली जाते काय? पाहून झाल्यावर मुले वहीत स्वतःच्या शब्दांत काही लिहितात काय? ज्याच्या घरी फोन नाही, त्या मुलाची सोय काय केली आहे? आणि आमच्या मुलाचा चेहरा व आवाज कोठे ठेवला जातो? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारी शाळा जुन्या पडद्यावरही चांगले शिकवील. उत्तरे न देणाऱ्या शाळेने भिंतभर पडदा लावला, तरी मुलाच्या हाती फारसे काही लागणार नाही.

तोवर सुट्टी आहे. घरात फराळाचा घाट आहे, आजी-आजोबा आहेत, आणि मुलांच्या हाती नको म्हटले तरी फोन आहेच. त्यांना एक काम द्यावे. आजीच्या लहानपणी दिवाळी कशी असे, हे तिला विचारून पाच मिनिटांत तिच्याच शब्दांत टिपावे. काय विचारावयाचे ते आधी कागदावर लिहून काढावे. एखादा शब्द अडला, तर तिथेच फोन थांबवून "आजी, म्हणजे काय गं?" असे विचारावे. टिपण्यापूर्वी तिची परवानगी घ्यावी, आणि ते कोणाकोणाला दाखवावयाचे हेही तिलाच ठरवू द्यावे. तिने "नको रे बाबा" म्हटले, तर फोन बाजूला ठेवून नुसते ऐकावे, आणि शाळा उघडल्यावर बाईंना आपल्या तोंडाने सांगावे.